सहा दिवसांत सृष्टी : मुलाला काय सांगायचं?

प्रश्न : आम्ही रत्नागिरीत राहतो आणि चर्चला नेमाने जातो. माझा मुलगा दहावीला आहे. आपल्या पायाखालचा खडक कोट्यवधी वर्षांचा आहे असं तो शाळेत शिकला. संडे स्कूलमध्ये त्याने ऐकलंय की देवाने सहा दिवसांत सगळं निर्माण केलं. आता तो विचारतो, ‘आई, यातलं खोटं काय?’ आमच्या पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, ती गोष्ट प्रतीक म्हणूनही वाचता येते. ही पळवाट नाही का? आणि एकदा ‘प्रतीक’ म्हटलं की पवित्र शास्त्रात खरं असं काय उरतं?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पळवाट नाही. हे सुरुवातीलाच ठामपणे सांगतो, कारण तुमच्या प्रश्नामागची भीती पुष्कळ श्रद्धावान घरांत असते. विज्ञान दारात येऊन उभं राहिलं, उत्तर देता येईना, म्हणून धर्माने ‘ते प्रतीकात्मक आहे हो’ असं म्हणत माघार घेतली, अशी ती भीती. तसं घडलं असतं तर तुमच्या मुलाचा संशय रास्त ठरला असता. पण घटनाक्रम उलटा आहे. खडकांचं वय नेमकं मोजता येऊ लागलं ते गेल्या शे-सव्वाशे वर्षांत. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातले सहा दिवस पंचांगातले दिवस नव्हेत असं म्हणणारे लोक त्याच्या कितीतरी शतकं आधी होऊन गेले, आणि ते धर्माच्या आतलेच होते.

येशूच्या काळात अलेक्झांड्रियात फायलो नावाचा ज्यू पंडित होता. जग सहा दिवसांत घडलं असं समजणं हा भाबडेपणा आहे, असं त्याने लिहून ठेवलं आहे. सहा हा आकडा त्याच्या मते निर्मितीतली व्यवस्था दाखवतो. तिसऱ्या शतकात ऑरिजेन या ख्रिस्ती आचार्याने विचारलं, की सूर्य जर चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर त्याआधीच्या तीन दिवसांची सकाळ आणि संध्याकाळ कशी झाली? देवाने शेतकऱ्यासारखी खरोखर झाडं लावली असं कोण शहाणा मानेल, असंही तो विचारतो. पुढे उत्तर आफ्रिकेत हिप्पो गावचा बिशप असलेला ऑगस्टीन या एका कथेशी उभा जन्म झगडला. एकदा भाष्य लिहिलं, दुसऱ्यांदा सुरू करून सोडून दिलं, आणि पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात बारा खंडांचं मोठं भाष्य पुरं केलं. देवाने सारं एकाच क्षणी निर्माण केलं आणि सहा दिवसांची मांडणी माणसाला कळावं म्हणून आहे, असं त्याचं मत होतं. त्याच भाष्यात त्याने ख्रिस्ती लोकांना एक कडक ताकीद दिली आहे. ग्रह-तारे, प्राणी, वनस्पती यांबद्दल परधर्मीय लोकांनाही अनुभवाने पक्कं ठाऊक असतं. अशा बाबतीत पवित्र शास्त्राचा हवाला देऊन ख्रिस्ती माणूस काहीबाही बोलू लागला तर ऐकणारा हसेल, आणि मग शास्त्रातल्या मोलाच्या गोष्टींवर तरी तो विश्वास का ठेवील? ही ताकीद जीवाश्म, दुर्बीण किंवा डार्विन यांतलं काहीही ठाऊक नसलेल्या माणसाची आहे.

सगळेच असं वाचत होते, असं मात्र नाही. चौथ्या शतकातल्या बेझिलने शब्दांचा सरळ अर्थ घ्यावा म्हणून प्रवचनं दिली. मार्टिन लूथरने सहा दिवस म्हणजे सहा दिवसच मानले. आयर्लंडचा आर्चबिशप अशर याने १६५० मध्ये वंशावळींची बेरीज करून सृष्टीचा आरंभ इसवी सनपूर्व ४००४ मध्ये बसवला आणि ते साल पुढे इंग्रजी बायबलच्या समासात छापलं जाऊ लागलं. तेव्हा दोन्ही प्रवाह जुने आहेत. पण शब्दशः वाचन हीच मूळ श्रद्धा आणि प्रतीकात्मक वाचन हे अलीकडचं खूळ, असं कोणी सांगितलं तर ते मानू नका.

रत्नागिरीत एकोणिसाव्या शतकात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने काम केलं. ही मंडळी जॉन कॅल्विनच्या परंपरेतली. कॅल्विन स्वतः सहा दिवस मानत असे. तरीही ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायावर लिहिताना तो म्हणतो, की हे लेखन सामान्य माणसाच्या डोळ्यांना दिसतं तसं केलेलं आहे; ज्याला खगोलशास्त्र शिकायचं असेल त्याने दुसरीकडे जावं. तुमच्या पाळकसाहेबांनी वेगळं काय सांगितलं?

आता थोडा वेळ विज्ञान बाजूला ठेवा आणि मुलाला घेऊन ‘उत्पत्ती’चे पहिले दोन अध्याय सावकाश वाचा. पहिल्या अध्यायात तिसऱ्या दिवशी झाडंझुडपं येतात, पाचव्या दिवशी जलचर आणि पाखरं, सहाव्या दिवशी जनावरं, आणि सर्वांत शेवटी माणूस, तोही नर-नारी एकाच वेळी. दुसऱ्या अध्यायात जमिनीवर अजून झुडूप उगवलेलं नाही आणि माणूस आधीच मातीतून घडवलेला आहे. मग बाग, मग पशुपक्षी, आणि अखेरीस त्याच्या बरगडीतून स्त्री. हे दोन क्रम शब्दशः एकत्र बसत नाहीत. ज्यांनी हे दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवले त्यांना हा फरक दिसला नसेल असं मला वाटत नाही. त्यांना तो खुपला नाही, कारण ते घटनांची रोजनिशी लिहीत नव्हते. मी सगळ्यात जास्त वजन देतो ते या गोष्टीला. प्रतीकात्मक वाचनाची मागणी भूगर्भशास्त्राने केलेली नाही. ती या पानांवरच लिहिलेली आहे.

पहिल्या अध्यायाची बांधणी पाहा. पहिल्या दिवशी उजेड आणि अंधार वेगळे होतात. चौथ्या दिवशी तिथे सूर्य-चंद्र-तारे येतात. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी आणि खालचं पाणी यांच्यामध्ये अंतराळ होतं. पाचव्या दिवशी तिथे मासे आणि पाखरं येतात. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन वर येते. सहाव्या दिवशी तिच्यावर जनावरं आणि माणसं येतात. आधी तीन दिवस घर बांधायचं आणि पुढचे तीन दिवस बिऱ्हाड आणायचं, असा हा आराखडा आहे. सूर्याच्या आधी प्रकाश कसा, हा ऑरिजेनचा प्रश्न इथे सुटतो. इथला क्रम काळाचा नसून रचनेचा आहे.

ही सगळी रचना ज्या टोकाकडे जाते तो सातवा दिवस आपण वाचताना बहुधा ओलांडून पुढे जातो. कारागिराने काम संपवलं, बसला, एवढाच अर्थ आपण घेतो. या दिवसाचं मोल समजून घ्यायला रत्नागिरीच्या वाचकाला फार लांब जावं लागत नाही. आपल्याच कोकणात, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांत, मराठी बोलणारे बेने इस्रायल लोक शतकानुशतकं राहिले. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांच्या वंशजांनी तेल गाळण्याचा धंदा धरला, गावावरून ‘कर’ लावून आडनावं घेतली आणि बोली-पोशाखात ते कोकणी झाले. त्यांच्याजवळ तोरा या ज्यू धर्मग्रंथाची गुंडाळी उरली नव्हती. हिब्रू प्रार्थनांपैकी ‘शमा’च्या आरंभीचे शब्द तेवढे टिकले होते. पण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. शेजारीपाजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले.

याचा विचार करा. ग्रंथ हातात नाही, सृष्टी किती दिवसांत झाली हे वाचून दाखवणारा कोणी नाही, आणि तरी ‘उत्पत्ती’तल्या या कथेचा गाभा त्यांच्या घरांत जिवंत आहे. सातवा दिवस पाळण्याची जी आज्ञा ‘निर्गम’ या पुस्तकात आहे तिच्यात मालकाबरोबर दास-दासी येतात, परका माणूस येतो, गुरंढोरंही येतात. त्या दिवशी घाण्याच्या बैलालाही मोकळीक. देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला या वाक्याचा अर्थ त्यांनी असा जगून दाखवला, की माणूस आणि जनावर ही अखंड राबवण्याची वस्तू नव्हे. हा अर्थ खरा की खोटा हे कोणत्याही खडकाचं वय मोजून ठरणार नाही. पुढे कोचीनचे ज्यू शिक्षक आणि नंतर ख्रिस्ती मिशनरी त्यांच्यापर्यंत पोहोचले. १८२९ मध्ये आलेला स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन दापोली तालुक्यातल्या हर्णे इथे राहून मराठी शिकला, आणि १८३२ मध्ये त्याने हिब्रूचं व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केलं. म्हणजे ज्या भाषेत ‘उत्पत्ती’ मुळात लिहिली गेली ती शिकण्याची सोय मराठी माणसाला जवळपास दोनशे वर्षांपूर्वी झालेली आहे.

आता या कथेचा मूळ श्रोता कोण होता ते पाहू, कारण प्रतीक समजायचं तर ते कोणासमोर उभं केलं हे कळावं लागतं. ज्यू लोकांना इसवी सनपूर्व सहाव्या शतकात बाबिलोनी राजाने बंदिवासात नेलं. पहिल्या अध्यायाला त्या काळाच्या आसपास आजचं रूप आलं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. बाबिलोनमध्ये सृष्टीची एक जुनी कथा राजमान्य होती. ती मातीच्या सात विटांवर लिहिलेली आहे. तियामत ही खाऱ्या पाण्याची आदिदेवता आणि अप्सु हा गोड्या पाण्याचा देव. मार्दुक तियामतला मारतो, तिचं शरीर दुभंगून अर्ध्याचं आकाश करतो, आणि त्याच्या योजनेप्रमाणे तिच्या पक्षातल्या एका देवाच्या रक्तातून माणूस घडवला जातो. कशासाठी? देवांची कष्टाची कामं माणसाने करावीत म्हणून. लंडनच्या जॉर्ज स्मिथने १८७६ मध्ये या विटांचं भाषांतर छापलं तेव्हा युरोपात खळबळ उडाली.

या विषयाकडे रत्नागिरीचंही लक्ष गेलं होतं, किंवा असं म्हणू की रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचं. संस्कृत पंडित भांडारकरांच्या गौरवार्थ १९१७ मध्ये निघालेल्या ग्रंथात टिळकांनी खाल्डियन (म्हणजे बाबिलोनी) आणि भारतीय वेदांवर एक लेख लिहिला. अथर्ववेदातल्या ‘तैमात’सारख्या शब्दांचा धागा त्यांनी खाल्डियातल्या तियामतशी जोडून दाखवला. ‘गीतारहस्या’त त्यांनी विश्वाच्या उभारणीवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं, आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या नासदीय सूक्ताचं सविस्तर विवरण केलं. ते सूक्त तर अखेरीस असं विचारतं, की ही सृष्टी कुठून आली हे वर बसलेल्या अध्यक्षाला तरी ठाऊक आहे की नाही. सृष्टीच्या आरंभाबद्दल धर्मग्रंथ किती निरनिराळ्या स्वरांत बोलतात, हे समजून घ्यायला तेवढं एक सूक्त पुरे आहे.

बाबिलोनी कथेशेजारी ‘उत्पत्ती’चा पहिला अध्याय ठेवला की त्याची धार लक्षात येते. इथे देवांची लढाई नाही, कोणाचं प्रेत फाडून आकाश केलेलं नाही. बाबिलोनमध्ये सूर्य आणि चंद्र ही दैवतं. इथे त्यांना नावसुद्धा दिलेलं नाही, एक मोठी ज्योती आणि एक लहान ज्योती, टांगलेले दिवे. आणि माणूस? त्या प्रदेशात राजाला देवाची प्रतिमा म्हणत. इथे प्रत्येक माणूस, पुरुष तसाच स्त्रीही, देवाचं प्रतिरूप आहे. बंदिवासात वेठीला धरलेल्या लोकांनी ऐकायला याहून मोठं वाक्य कोणतं असेल? हे सोडून आपण पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं की साडेचारशे कोटी यावर भांडत बसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सृष्टीच्या कथा निरुपद्रवी नसतात, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या मुखापासून पायांपर्यंत चार वर्ण जोडले आहेत. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) ब्रह्मदेवाच्या चार अवयवांतून माणसं जन्मली ही कथा मुद्दाम शब्दशः घेतली आणि प्रश्न विचारून तिचे वाभाडे काढले. परशुराम चिरंजीव आहे म्हणतात ना, मग त्याने मुदतीत हजर व्हावं, अशी जाहीर नोटीसही त्यांनी त्याच पुस्तकात काढली. शब्दशः वाचनाचा एवढा जळजळीत वापर मराठीत दुसऱ्या कोणी केला नसेल. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. पुढे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी सर्व स्त्री-पुरुषांना एकाच निर्मिकाने सारख्या हक्कांचे निर्माण केलं असं मांडलं. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पण निर्मितीची कथा वाचताना कोणाला कुठे ठेवलं आहे हे आधी बघायचं, हा त्यांचा धडा ‘उत्पत्ती’लाही लावला पाहिजे. बरगडीच्या कथेवर बोट ठेवून चर्चने शतकानुशतकं स्त्रीला दुय्यम ठरवलं. प्रतीक म्हणून वाचलं की सगळं गोड होतं असं नाही; प्रतीकाचाही जाब विचारावा लागतो.

आता तुमच्या मुलाच्या पायाखालचा खडक. रत्नागिरीच्या सड्यांवरचा जांभा हा बहुतेक ठिकाणी खालच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झाला आहे. तो काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहिलेला लाव्हा. रत्नागिरी परिसरात विहिरी खणताना काही ठिकाणी जांभ्याखाली दगडी कोळशाच्या कच्च्या रूपाचे, झाडापाल्याचे अवशेष असलेले मातीचे थर लागले आहेत. जमीन, पाणी, जंगल यांची किती स्थित्यंतरं इथे होऊन गेली, याची ती नोंद आहे. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू इथल्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत. ती कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मुलाला हे सगळं शिकू द्या, उत्साहाने शिकू द्या.

आणि त्याला त्याच्या वर्गातल्या मित्रांची गोष्टही विचारायला सांगा. कोकणची भूमी परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि मिळवली, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. चिपळूणजवळ, वाशिष्ठीच्या खोऱ्यावरच्या डोंगरात परशुरामाचं देऊळ आहे. केरळात हीच कथा बाणाऐवजी परशू फेकून सांगतात. देवळात जाणाऱ्या बहुतेकांच्या मनात या कथेची आणि जांभ्याच्या वयाची टक्कर होत नाही. समुद्र आणि सह्याद्री यांच्या बेचक्यातली ही अरुंद पट्टी कोणाच्या तरी कृपेने आपल्याला मिळाली आहे, ही भावना ती कथा सांभाळते. कोणत्या वस्तीने या भूमीवर कसा हक्क सांगितला, याचाही माग तिच्यात आहे, आणि त्या अंगाने तिची कठोर चिकित्सा झाली पाहिजे. फुल्यांनी ती केली. सांगायचं एवढंच, की कथा कशी ऐकायची हे आपल्या माणसांना उपजत समजतं. ख्रिस्ती कथाही इथे अशाच ऐकवल्या गेल्या. १६१६ मध्ये गोव्यात राशोल इथे फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या, लिपी रोमन, भाषा मराठी. त्याच्या ‘पहिल्या पुराणा’त सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचं पतन, आदाम आणि एवा हे सगळं येतं, श्रोते शंका काढतात आणि पाद्री गुरू उत्तर देतो. स्टीफन्सची स्वतःची समजूत त्याच्या काळाला धरूनच होती, त्याने या कथा घडलेल्या म्हणूनच सांगितल्या. पण सांगायला घाट निवडला तो पुराणाचा.

खडक आणि ‘उत्पत्ती’ दोन्ही मनापासून वाचणारा एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला आहे. स्टीफन हिस्लॉप. १८४५ मध्ये तो मिशनरी म्हणून नागपूरला आला, शाळा काढली, आणि जमेल तेव्हा हातोडी घेऊन दगड तपासत फिरला. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये अडकलेल्या गोड्या पाण्यातल्या शंख-शिंपल्यांचे आणि वनस्पतींचे अवशेष त्याने नागपूर परिसरात गोळा केले. रॉबर्ट हंटरबरोबर त्याने लिहिलेला त्यावरचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात आला. दोन लाव्हांच्या मध्ये तळं साचतं, त्यात जीव वाढतात, मरतात आणि मग वर पुन्हा लाव्हा येतो. याला किती काळ लागला असेल हे त्याला उघड दिसत होतं, आणि त्याची सेवा थांबली नाही. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची शिळावर्तुळं पाहून परतताना तो ओढ्याच्या पुरात बुडून गेला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं.

हिस्लॉपच्या काळात काही भाविकांनी तडजोडीचा मार्ग काढला होता: एक दिवस म्हणजे एक भूशास्त्रीय युग. आजही चर्चमध्ये हे ऐकू येतं. मला तो मार्ग पसंत नाही. दिवस कितीही ताणला तरी फळझाडं सूर्याच्या आधी येतात आणि पाखरं जमिनीवरच्या प्राण्यांच्या आधी. खडकांतला क्रम तसा नाही. शिवाय त्यात कथेचाही अपमान आहे, कारण ती जे सांगत नाही ते तिच्या तोंडी घातलं जातं. दशावतार म्हणजे उत्क्रांतिवाद, मत्स्य-कूर्म-वराह म्हणजे डार्विन, हे आपल्याकडे भाषणांत ऐकू येतं तेही याच जातीचं. खडक नाकारणारा आणि ग्रंथात खडक कोंबणारा, दोघांचीही समजूत एकच असते, की धर्मग्रंथ विज्ञानाची परीक्षा पास झाला तरच तो खरा. ही समजूतच सोडा, असं माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे. कॅथलिक चर्चने १९५० मध्ये, पोप बारावे पायस यांच्या परिपत्रकात, मानवी देहाच्या उत्क्रांतीवर अभ्यासकांना चर्चा करायला मोकळीक दिली. विश्व प्रसरण पावत आहे आणि एका आदिबिंदूपासून सुरू झालं असावं ही कल्पना मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरूच होता. आपल्या सिद्धान्ताने ‘उत्पत्ती’ सिद्ध झाली असा दावा त्याने केला नाही. त्याने दोन्ही गोष्टी आपापल्या जागी ठेवल्या.

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग सगळ्यात अवघड: मग खरं काय उरतं? आज सहा दिवस प्रतीक म्हटले, उद्या पुनरुत्थानही प्रतीक म्हणाल. ही शंका झटकून टाकण्यासारखी नाही. माझं उत्तर असं, की वाचन कसं करायचं हे आपल्या सोयीवरून नाही, त्या त्या लेखनाच्या जातीवरून ठरतं. पवित्र शास्त्रात स्तोत्रं आहेत, कायदे आहेत, म्हणी आहेत, दरबारी बखरी आहेत, पत्रं आहेत. ‘उत्पत्ती’च्या आरंभी बोलणारा साप आहे, जीवनाचं झाड आहे, साक्षीदार कोणी नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या आरंभी लेखक सांगतो की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेली हकीकत नीट शोध घेऊन लिहितो आहे. पुढे राज्यकर्त्यांची नावं येतात, गावं येतात. त्याचा दावा मान्य करायचा की नाही हा प्रश्न वेगळा, पण तो दावा घडलेल्या गोष्टीचा आहे. दोन्हींना एकच माप लावता येत नाही. एक गाठ तरीही राहते, आणि ती मी लपवणार नाही. पौल रोमकरांस पत्र लिहिताना आदाम आणि ख्रिस्त यांची जोडी लावतो. आदाम हा एक खरा पुरुष होता की समस्त मानवजातीचं नाव, यावर आजही गंभीर ख्रिस्ती अभ्यासकांत एकमत नाही. अशी गाठ समोर ठेवूनही माणूस श्रद्धावान राहू शकतो. पंडिता रमाबाईंचं पाहा. बाप्तिस्मा घेतल्यावर इंग्लंडमध्ये असताना, केवळ धर्मगुरू सांगतात म्हणून एखादं मत स्वीकारायला त्यांनी पत्रोपत्री नकार दिला. त्याच रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्यासुध्या बायांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल भाषांतरित करून गेल्या. १९२२ मध्ये त्या वारल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते १९२४ मध्ये छापून निघालं.

मुलाला सांगा, की यात खोटं काहीच नाही. खडक कधी झाला हे शाळा सांगते, आणि घाण्याच्या बैलालाही सातव्या दिवशी विसावा का द्यायचा हे ‘उत्पत्ती’ सांगते. त्याला यावर पुढे प्रश्न पडतील, ते पडू द्या. संडे स्कूलच्या बाईंनाही त्याने ते विचारावेत, आणि बाईंनी रागावू नये, असं त्यांना माझ्या वतीने सांगा. नोहाच्या जलप्रलयाबद्दल तुम्ही पत्राच्या पाठीवर विचारलं आहे. त्याचं उत्तर पुढच्या खेपेला देतो.